पर्सचं तोंड आधी ठरवा, कापड नंतर कापा



मागच्या व्हिडिओत आपण खणाची छोटी पर्स शिवली. तेव्हापासून दुकानात आणि फोनवर एकच प्रश्न सुरू आहे. "ताई, याला चेन लावू, टिचबटण लावू, का मॅग्नेट?" हे हात दाखवत सांगण्यापेक्षा नीट लिहून ठेवलेलं बरं, म्हणून आजचा लेख फक्त पर्सच्या तोंडावर. शिलाई कशी करायची ते व्हिडिओत आहेच. इथे बोलू ते कोणत्या पर्सला काय लावायचं, का लावायचं आणि त्याचे पैसे कसे धरायचे.

आमच्या अकोल्याच्या बॅचमधल्या एका ताईंना संक्रांतीच्या वाणासाठी १२० पर्सची ऑर्डर मिळाली. कापड सुंदर, टीप सरळ, अस्तर स्वच्छ. वरून झाकण आणि झाकणाला १४ मिमीचं मॅग्नेट. नमुना रिकामा दाखवला, टक्कन बंद झाला, लगेच पसंत पडला. वाण वाटून झालं. बायकांनी त्यात मोबाइल घातला, किल्ल्या घातल्या, रुमाल कोंबला, आणि झाकण उघडंच राहायला लागलं. "पर्स तं मस्त आहे व, पण तोंडच लागत नाही." ऑर्डर देणाऱ्यांनी उरलेले पैसे थांबवले. दहा रुपयांच्याही आत येणाऱ्या एका वस्तूपायी १२० पर्सची मजुरी अडकून बसली.

यात मॅग्नेट खराब नव्हतं. ते चुकीच्या पर्सला लागलं होतं.

चुंबकाची ओढ अंतर वाढलं की झपाट्याने कमी होते. दोन तुकडे एकमेकांना टेकलेले असताना जी पकड लागते, ती मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट पडली की फारच थोडी उरते. पर्स रिकामी असताना झाकण बरोबर जागेवर येतं. पर्स फुगली की झाकण वर ओढलं जातं आणि दोन तुकडे समोरासमोर येतच नाहीत. मग कितीही महागाचं मॅग्नेट आणा, काय उपयोग?

म्हणून मी बॅचमध्ये पहिल्या दिवशी बंद करायच्या वस्तूंचे दोनच गट सांगते. काही वस्तू पर्सला एका ठिपक्यावर धरतात. टिचबटण, मॅग्नेट, काजं-बटण, फिरकीचं लॉक हे सगळे त्यातले. काही वस्तू तोंडभर धरतात. चेन, नाडी, वेलक्रोची लांब पट्टी, फ्रेम. आत काय आणि किती भरणार हे ठरलेलं असेल, जसं की चष्म्याचं घर, कार्डाची पर्स, कुंकवाच्या करंड्याची पिशवी, तिथे ठिपक्याची वस्तू मजेत चालते. आत काय भरलं जाईल त्याचा नेम नसेल, तिथे तोंडभर धरणारीच वस्तू पाहिजे. आपल्या बायकांच्या पर्समध्ये काय काय भरलं जातं ते मी सांगायला नको!

आपल्या आज्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यांच्या वस्तू पाहा. बटव्याला दोन नाड्या, दोन्ही बाजूंनी ओढल्या की तोंड आवळलं. आत सुपारी चार असो की चाळीस, बटवा तेवढ्यावर बंद होतो. चंची तर त्याहून हुशार. कप्प्याकप्प्यांची ती पट्टी पान, चुना, तंबाखू भरून गुंडाळायची आणि वरून दोरी फिरवून बांधायची. सामान वाढलं तर गुंडाळी जाड होते आणि दोरीचा एखादा वेढा कमी पडतो, एवढंच. कमरेला बांधायचा कसाही तसाच. कापूस विकून बाजारातून परतणारा माणूस पैसे कशात ठेवत होता? अंगाला घट्ट बांधलेल्या कशात. तिथे टिचबटण असतं तर काय झालं असतं, विचार करा.

बटवा शिवताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे एकच दोरी ओवणं. एका दोरीने तोंड एकाच बाजूला गोळा होतं आणि बटवा वाकडा लटकतो. दोन दोऱ्या घ्या. प्रत्येक दोरी पूर्ण नेफ्यातून फिरवून जिथून आत गेली तिथूनच बाहेर काढा, एकीची टोकं डावीकडे, दुसरीची उजवीकडे. माप सोपं आहे. बटवा सपाट ठेवल्यावर तोंड ८ इंच असेल तर पूर्ण फेरा १६ इंच, आणि गाठ-गोंड्यासाठी दोन्ही टोकांना चार-चार इंच, म्हणजे एक दोरी २४ इंच. दुसरी गोष्ट म्हणजे सॅटिनची गुळगुळीत दोरी. दिसते छान, पण नेफ्यात पकड घेत नाही आणि बटवा चालता चालता उघडतो. सुती दोरी धरून राहते. सॅटिनच पाहिजे असा हट्ट असेल तर सोबत लाकडी मणी द्या, दोन्ही दोऱ्या त्यातून घट्ट जातील असा.

आता चेनकडे येऊ, कारण दुकानात सर्वांत जास्त विकली जाते ती आणि सर्वांत जास्त भांडणंही तिच्यावरूनच होतात.

चेनचा नंबर म्हणजे काय, हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नसतं. ३ नंबर, ५ नंबर, ८ नंबर, १० नंबर हे बंद चेनच्या दात्यांची रुंदी साधारण किती मिलिमीटर आहे ते दाखवतात. सुट्ट्या पैशांच्या पाकिटाला ३ नंबर, रोजच्या पर्सला ५ नंबर, प्रवासाच्या बॅगेला ८ किंवा १०. ५ नंबरच्या रोलला ३ नंबरचा रनर चढणारच नाही, आणि ३ च्या रोलवर ५ चा रनर चढला तरी दाते जुळणार नाहीत. बरं, नंबर सारखा असूनही प्रकार वेगळा असू शकतो. नायलॉनची वेटोळ्याची चेन, प्लास्टिकच्या सुट्या दात्यांची चेन आणि धातूची चेन, तिघींचे रनर वेगळे. रोल आणि रनर एकाच दुकानातून, एकाच वेळी घ्या आणि काउंटरवरच चढवून पाहा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. मी स्वतः दुकानदार आहे, मला माहीत आहे.

ही वस्तू आज इतकी साधी वाटते, पण जमायला बराच वेळ लागला. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये आकडे-डोळ्यांची सरकणारी पट्टी केली होती, ती मध्येच उघडायची. गिडिऑन सुंडबॅक या अभियंत्याने एकमेकांत बसणाऱ्या छोट्या दात्यांची रचना १९१३ मध्ये केली आणि १९१७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. 'झिपर' हे नाव तर १९२३ मधलं, आणि तेही एका कंपनीच्या बुटांचं. आपल्या चेनवर 'वायकेके' लिहिलेलं दिसतं, ती तादाओ योशिदा यांनी १९३४ मध्ये जपानमध्ये सुरू केलेली कंपनी.

रनर आतून दोन फाट्यांचा असतो. पुढे दोन वाटा, मागे एक. पुढे सरकताना तो दोन्ही बाजूंचे दाते ठराविक कोनात एकमेकांत दाबतो, आणि मागे येताना मधली पाचर त्यांना वेगळं करते. एवढं कळलं की दुरुस्ती आपोआप कळते. चेन बंद केल्यावर रनरच्या मागून फाकत असेल आणि दाते शाबूत असतील, तर दोष बहुतेक वेळा रनरचा असतो. वापरून वापरून त्याचं तोंड सैल होतं आणि दाबच बसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "चेन गेली, पूर्ण बदलून द्या." पूर्ण बदलायची गरज नाही. बाजूची शिलाई थोडी उसवा, नवा रनर चढवा, परत टीप मारा. पक्कडीने जुना रनर हलकेच दाबूनही काही दिवस चालतं, पण ते तेवढ्यापुरतंच. दुरुस्ती म्हणून पैसे घेणार असाल तर नवाच टाका.

चेन लावताना अस्तर दात्यांपासून तीन-चार मिमी लांब ठेवा आणि वरून एक टीप मारून दाबून टाका. अस्तर रनरमध्ये अडकतं ते या एका टिपेच्या आळसामुळे. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाची छोटी टोपी लावा. त्याने पर्सचे कोपरे जाड होत नाहीत आणि टोकांवरचा ताण कापडावर जातो. धातूची चेन अडखळत असेल तर मेणबत्ती घासायची. तेल नको, कापडावर डाग उतरतो.

रनर कोणत्या टोकाला येऊन थांबतो, हा तर सुरक्षेचा प्रश्न आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत उभं राहून एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने सुट्टे काढणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. नवरात्रात अंबादेवीला, नाहीतर शेगावच्या दर्शनाच्या रांगेत तीच गर्दी. खांद्यावरची पर्स चेनचीच असावी आणि बंद केल्यावर रनर पुढच्या बाजूला, म्हणजे छातीकडे यावा. मागे थांबणारा रनर मागच्या माणसाच्या हाताशी असतो. पर्स डाव्या खांद्याची की उजव्या, हे ऑर्डर घेतानाच विचारा. दोन रनर समोरासमोर लावले तर हा प्रश्न मिटतो, थोडा खर्च वाढतो. नुसत्या मॅग्नेटची उघडी झोळी गर्दीच्या जागी वापरायला मी कोणालाच सांगत नाही, ती कितीही स्टायलिश दिसो.

म्हणजे मॅग्नेट वाईट का? अजिबात नाही! पातळ पर्स, लग्नातला क्लच, मोबाइलची झाकणाची पिशवी, इथे त्याच्यासारखं सुख नाही. फक्त तीन काळज्या घ्या. पहिली आणि सर्वांत कामाची म्हणजे पर्स भरून मग खूण करा. वर्तमानपत्राचे बोळे नकोत, खरा मोबाइल, खऱ्या किल्ल्या. झाकण त्यावर आणा, जिथे सहज पडतं तिथे खडूने खूण करा. दुसरी, पायाचं मॅग्नेट एका पदरी कापडाला कधीच लावू नका. मागे रेक्झिनचा किंवा जाड बकरमचा तुकडा, त्यावर वॉशर, मग पाय वाकवायचे, आणि वाकवलेल्या पायांवर पुन्हा कापडाचा तुकडा, नाहीतर ते धातूचे पाय अस्तर खातात. हे सगळं अस्तर बंद करण्याच्या आधी! तिसरी, आत शिवायचं छुपं मॅग्नेट असेल तर शिवण्याआधी दोन तुकडे एकमेकांवर धरून पाहा. उलट्या बाजूने शिवलं तर पर्स बंद व्हायच्या ऐवजी स्वतःच ढकलली जाते.

मॅग्नेटने एटीएम कार्ड खराब होतं का, हेही विचारतात. धोका असतो तो काळ्या पट्टीला. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत कार्डं चिपची झाली, आणि चिपला चुंबकाने काही होत नाही. तरी पट्टी अजून कार्डाच्या पाठीवर आहेच, म्हणून कार्डाचा कप्पा मॅग्नेटला चिकटून ठेवू नये. एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला आठवणीने विचारा. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल आणि पर्स त्यांच्यासाठी असेल, तर मॅग्नेट लावू नका. पेसमेकरपासून चुंबक १५ सेंटीमीटर तरी लांब ठेवायला डॉक्टर सांगतात, आणि गळ्यातली पर्स नेमकी छातीवरच टेकते.

टिचबटणाबद्दल थोडक्यात. १८८५ मध्ये जर्मनीत हेरिबर्ट बाउअर यांनी पेटंट घेतलेली ही वस्तू आजही स्वस्तात मस्त आहे. पण तिचा सगळा जोर एका छोट्या वर्तुळावर येतो. उघडताना आपण बटण ओढतो असं वाटतं, खरं तर आपण कापड ओढत असतो. कापड पातळ असेल तर बटण जागेवर राहतं आणि त्याच्याभोवती भोक पडतं. मागे पट्टी द्या, बाकी काही नाही. हाताने शिवायचं टिच असेल तर चारही भोकांत भरपूर टाके घ्या, दोन टाके घालून पुढे पळू नका.

वेलक्रोची गोष्ट मला आवडते. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल १९४१ मध्ये फिरून आले तेव्हा कुत्र्याच्या केसांना काटेरी फळं चिकटली होती. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा. त्यावरून ही पट्टी आली आणि १९५५ मध्ये पेटंट झालं. आपल्याकडे शेतातून आलं की धोतराच्या, लुगड्याच्या काठाला काटे चिकटतातच, आपण फक्त ते उपटून फेकत आलो! पण वऱ्हाडात वेलक्रोचा एक शत्रू आहे, कापूस. सुती धागे, तंतू, केस त्या आकड्यांत जाऊन बसतात आणि पट्टी धरेनाशी होते. जुन्या दात-ब्रशने साफ केली की पुन्हा धरते, हे गिऱ्हाइकाला सांगून ठेवा. पैठणी, जाळीची ओढणी, शिफॉन यांच्याजवळ वेलक्रो नकोच, धागे ओढले जातात. मुलांच्या डब्याच्या पिशवीला, औषधांच्या पाऊचला मात्र उत्तम. बाजू ठरवताना खरखरीत पट्टी पर्सच्या अंगाला आणि मऊ पट्टी झाकणाला लावा, म्हणजे उघडं झाकण साडीला पकडणार नाही.

धातूची फ्रेम, ती दोन गोळ्या एकमेकींवरून सरकून टिचकी वाजणारी, हा वेगळाच विषय आहे आणि त्याचा व्हिडिओ येतोय. आत्ता एकच सांगते, फ्रेम हातात आल्याशिवाय कापड कापू नका. कागदावर फ्रेम ठेवून पेन्सिल फिरवायची आणि तिथून पॅटर्न काढायचा. उलटं करून जमत नाही.

धातू घेताना एक सोपी परीक्षा आहे. दुकानात जाताना छोटं चुंबक सोबत न्या. पिवळी दिसणारी कडी, हूक, डी-रिंग चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे आणि वर फक्त मुलामा. पावसाळ्याचे चार महिने आणि हाताचा घाम, एवढ्यात ती काळवंडते आणि पांढऱ्या अस्तरावर गंजाचा डाग उतरतो. चिकटली नाही म्हणजे पितळच आहे असं नाही, जस्ताचा मिश्रधातूही चिकटत नाही. पण लोखंड तरी ओळखता येतं. वाणाच्या पर्सला लोखंडी कडी चालून जाते. हजार रुपयांच्या पैठणी पर्सला लावलीत तर ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

आता पैशाचं, कारण इथेच आपण गडबडतो. बिझीलँड-सिटीलँडला कापड घेताना मीटरमागे दोन रुपये कमी करायला आपण अर्धा तास भांडतो, आणि चेन लावायला लागणारा वेळ धरतच नाही. एक हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातले टाका. तुमच्या एका तासाची मजुरी ६० रुपये धरा, म्हणजे मिनिटाला १ रुपया. चेन आणि रनर मिळून ६ रुपये, लावायला १० मिनिटं, एकूण १६. मॅग्नेट ९ रुपये, लावायला ४ मिनिटं, एकूण १३. टिचबटण ३ रुपये, ३ मिनिटं, एकूण ६. दुकानात चेन मॅग्नेटपेक्षा स्वस्त दिसते, घरी आल्यावर ती सर्वांत महाग होते. १०० पर्सना चेन म्हणजे १००० मिनिटं, जवळजवळ १७ तास, फक्त तोंडासाठी. हे १७ तास भावात नसतील तर ते तुमच्या झोपेतून जातात.

म्हणून भाव सांगताना दोन नमुने ठेवा. "टिचबटणात इतके, चेनमध्ये दहा रुपये जास्त." आणि दोन्ही नमुने भरलेले ठेवा, रिकामे नाही. गिऱ्हाइकाच्या हातात द्या, म्हणा उघडा, बंद करा, उलटी करून हलवा. आतलं चिल्लर सांडलं तर तिथेच सांडू द्या, तुमच्या समोर. ज्यांची बोटं आखडलेली आहेत अशा मावशी-आजींना स्वतः उघडून पाहायला सांगा. छोटं टिचबटण त्यांच्या चिमटीत येत नाही, चेनच्या रनरला मोठा गोंडा किंवा कडी लावली तर त्या सहज ओढतात. त्या गोंड्याचे पाच रुपये कोणी नाकारत नाही, माझा अनुभव आहे.

नवा नमुना पहिल्यांदा बनवला की मी तो घरीच ठेवते. रात्री मालिका पाहता पाहता दोनशे वेळा उघड-बंद. हात दुखतो, पण शंभराच्या आतबाहेर काय सैल होतंय ते कळतं. बॅचमधल्या ताई हसतात, मंग त्याच दुसऱ्या दिवशी सांगतात, "ताई, माह्या पर्सचं टिच तं ऐंशीलाच निघालं." निघू द्या, घरीच निघालं ना.

वाणवाल्या त्या ताईंचं पुढे काय झालं, हे पुष्कळ जणी विचारतात. १२० पर्स परत उसवून चेन लावणं परवडणारं नव्हतं. आम्ही झाकणाच्या खालच्या कडेला सुती दोरीचा लांब फास शिवला आणि पर्सच्या अंगाला एकाखाली एक अशी दोन लाकडी बटणं. भरलेली असेल तर फास वरच्या बटणाला, रिकामी असेल तर खालच्या. एका पर्सला सहा-सात मिनिटं लागली, १२० पर्सना चार दिवस. थांबलेले पैसे मिळाले, पण त्या चार दिवसांची मजुरी कोणीच दिली नाही. यंदाच्या ऑर्डरला त्यांनी चेन लावली आहे आणि भाव बारा रुपयांनी वाढवून सांगितला आहे.

पुढच्या शनिवारी अकोल्याच्या बॅचमध्ये रनर बदलणं हाताने करून घेणार आहे. घरातली फाकलेली चेन असलेली एक तरी पर्स सोबत आणा, आणि पक्कड असेल तर तीही. रनर नंबर पाहूनच घ्यायचा असतो, म्हणून जुना रनर फेकू नका. बहुतेक रनरच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, चष्मा लावून पाहा, सापडेल.